अग्निबाणाच्या कवचाचा कारागीर

घन इंधनावर चालणाऱ्या अग्निबाणाच्या मोटरीत हलणारे भाग जवळजवळ नसतात. रबरासारखे घट्ट झालेले इंधन, ते जळताना निर्माण होणारा वायू एका दिशेने वेगाने बाहेर सोडणारे नोझल आणि या दोहोंना सामावून घेणारे पोलादी नळकांडे एवढ्यावर ती उभी असते, आणि या नळकांड्याला त्या क्षेत्रातील माणसे ‘मोटर केसिंग’ किंवा नुसतेच ‘केसिंग’ म्हणतात. इंधनाची टाकी, ज्वलनाची भट्टी आणि वरच्या सर्व टप्प्यांचा भार पेलणारा खांब अशी तिन्ही कामे हे कवच एकाच वेळी करते. त्याची भिंत जाड ठेवली तर उपग्रहाच्या वाट्याचे वजन कवचच खाऊन टाकते, पातळ ठेवली तर आतल्या दाबाने ती फाटण्याची भीती असते, आणि या दोहोंच्या मध्ये जी मोजकी जागा उरते तिथे वेल्डर, फिटर, टर्नर आणि तपासनीस यांचे कसब पणाला लागते. भारतीय अवकाश कार्यक्रमाच्या इतिहासात विक्रम साराभाई, सतीश धवन आणि ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची नावे अग्रभागी येतात. मराठी वाचक त्यांत घन इंधनाचे तज्ज्ञ वसंत गोवारीकर, थुंब्याच्या जागेच्या शोधात सहभागी असलेले एकनाथ चिटणीस आणि २१ नोव्हेंबर १९६३ च्या पहिल्या उड्डाणापासून कामात असलेले प्रमोद काळे यांची अभिमानाने भर घालतो. परंतु कवच घडवणाऱ्या तंत्रज्ञाचे चरित्र क्वचितच कुठे लिहिलेले आढळते. ते लिहिण्याजोगे आहे, आणि ते लिहायचे तर आधी त्याचे काम समजून घ्यावे लागते.

या कामाचे महाराष्ट्रातील एक प्रमुख ठिकाण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. जिल्ह्याचा कर्जत तालुका दक्षिणेला भीमेच्या काठाशी संपतो, उजनी धरणाचा फुगवटा तिथवर येऊन टेकतो, आणि नदीपलीकडे पुणे जिल्ह्यातील दौंड व इंदापूर हे तालुके लागतात. याच इंदापूर तालुक्यात, निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या कळंबच्या शिवारात, वालचंदनगर ही कारखान्याभोवती उभी राहिलेली वसाहत आहे. समुद्र, मोठे बंदर, विमानतळ किंवा विद्यापीठ यांपैकी काहीही जवळ नसलेल्या या ऊसपट्ट्यात उपग्रह प्रक्षेपकांची पोलादी कवचे तयार होतात, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास विस्मयकारक वाटते. तथापि साखर आणि अग्निबाण यांच्यामधला धागा एकदा दिसला की ती अगदी स्वाभाविक ठरते.

सोलापूरला २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेले वालचंद हिराचंद दोशी हे बांधकाम, जहाजवाहतूक, विमान आणि मोटार अशा चारही क्षेत्रांत हिंदी उद्योगाचा पाया घालणारे उद्योजक होते. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, १९४० मध्ये बंगळूरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही त्यांची कामे सर्वपरिचित आहेत. कळंबला त्यांनी १९३० च्या दशकात काढलेला साखर कारखाना त्या मानाने लहान गोष्ट समजली जाते, परंतु या लेखाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी होय, कारण साखर कारखाना चालवायचा तर त्याची यंत्रे दुरुस्त करणारे कर्मशाळेतले हात लागतात, आणि दुरुस्ती करता करता ते हात नवीन यंत्र घडवू लागतात. स्वातंत्र्यानंतर वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तयार होऊ लागली, पुढे बॉयलर, सिमेंट कारखान्यांची अवजड यंत्रे, अणुभट्टीचे भाग आणि ‘अरिहंत’ या अण्वस्त्रवाहू पाणबुडीचे गिअरबॉक्सही तिथे घडले.

साखर कारखान्याची कर्मशाळा हे ग्रामीण महाराष्ट्राचे मोठे तंत्रविद्यालय ठरले, आणि अहिल्यानगर जिल्ह्याला ते सांगावे लागत नाही. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवरेच्या कालव्यांना पाणी दिले, उसाखाली क्षेत्र आले, बेलापूर, टिळकनगर अशा ठिकाणी खासगी कारखाने उभे राहिले, आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या साह्याने लोणीला काढलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाल्यावर सहकारी कारखान्यांची रांगच लागली. दर वर्षी बॉयलर अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते, हंगाम संपला की सगळी मिल उघडून रोलर, बेअरिंग, पंप, व्हॉल्व्ह एकेक करून तपासले जातात. ऊस संपल्यावरच्या या महिन्यांत, ज्यांना कारखान्यात ‘ऑफ सीझन’ म्हणतात, गावातला पोरगा फिटरच्या हाताखाली मदतनीस म्हणून उभा राहतो आणि चारसहा हंगामांत स्वतः फिटर होतो. १९५० पासून देशभर निघत गेलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयटीआयने, या पोराला कागद दिला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्याला मोठ्या कारखान्यात विद्यावेतनावर प्रवेश दिला.

साखर कारखान्यातील दोन गोष्टी केसिंगच्या कामाशी थेट नाते सांगतात. पहिली ‘पॅन’ची. उसाचा घट्ट केलेला रस फार तापवला तर साखर करपते, म्हणून तो ज्या भांड्यात उकळतात त्यातली हवा काढून घेतात, जेणेकरून कमी तापमानालाच उकळी फुटते. अशा भांड्याची भिंत बाहेरच्या हवेच्या दाबाने आत चेपू नये यासाठी जाड पत्रा अचूक गोल वळवावा लागतो आणि त्याचे सांधे हवाबंद जुळवावे लागतात. दुसरी गोष्ट बॉयलरची, जिथे दाब उलट आतून बाहेर असतो. बॉयलर फुटला तर माणसे दगावतात, म्हणून बॉयलर कायद्याखाली त्याच्या वेल्डरला वेगळी परीक्षा द्यावी लागते, तिचा दाखला ठरावीक मुदतीनंतर नव्याने घ्यावा लागतो, आणि असा दाखला असणाऱ्याला कामगारांमध्ये ‘आयबीआर वेल्डर’ म्हणून वेगळा मान असतो. गोल वळवलेला जाड पत्रा, दाब सोसणारा सांधा आणि तो सांधा कोणी मारला याची नोंद, या तीन गोष्टी ज्या कर्मशाळेला ठाऊक आहेत, तिला अग्निबाणाचे केसिंग अवघड असले तरी परके राहत नाही.

अवकाश विभागाची स्थापना १९७२ मध्ये झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र विसाव्या शतकातील आपल्या सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एकातून जात होता. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पाथर्डी भागांतली कुटुंबेच्या कुटुंबे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध जोडणे बरोबर होणार नाही, पण त्यांचा काळ एकच होता हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण तेव्हा दहा-बारा वर्षांचा असलेला मुलगाच पुढे आयटीआय करून, शेतीवर विसंबून चालणार नाही हे घरात पाहून, कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलेल्या पिढीतला आहे. सतीश धवन अध्यक्ष असताना भारतीय अवकाश संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, प्रत्येक वस्तू स्वतःच्या केंद्रात घडवण्याऐवजी देशातील उद्योगांना कामात ओढण्याचे धोरण धरले, आणि १९७० च्या दशकातच वालचंदनगरचे नाते एसएलव्ही-३ शी जुळले. एक मीटर व्यासाचा पहिला टप्पा असलेला, साधारण १७ टन वजनाचा हा पहिला भारतीय उपग्रह प्रक्षेपक १० ऑगस्ट १९७९ ला अपयशी ठरला आणि १८ जुलै १९८० ला त्याने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. पुढे पीएसएलव्ही या प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर झाला, आणि त्याहून मोठ्या एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या एस-२०० या बूस्टरचा, म्हणजे उड्डाणाच्या वेळी मूळ प्रक्षेपकाला रेटा देणाऱ्या पूरक मोटरीचा, व्यास ३.२ मीटर झाला. एका एस-२०० मध्ये दोनशे टनांहून थोडे अधिक इंधन भरलेले असते आणि त्याची लांबी साधारण २५ मीटर असते. एवढी लांब वस्तू एकसंध घडवता, वाहून नेता किंवा इंधनाने भरता येत नाही, म्हणून ती तुकड्यांत, म्हणजे ‘सेगमेंट’मध्ये करतात, एस-२०० चे तीन सेगमेंट असतात, पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे पाच.

या सेगमेंटच्या भिंतीची जाडी सुमारे आठ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी असते, आणि उड्डाणाच्या वेळी आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या पन्नास ते साठ पट होतो. साधे पोलाद एवढ्या जाडीत हा ताण सहन करू शकत नाही. त्यासाठी ‘मॅरेजिंग’ पोलाद वापरतात, ज्यात सुमारे १८ टक्के निकेल, त्याखेरीज कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि थोडे टायटॅनियम असते व कार्बन जवळजवळ नसतोच. नेहमीच्या पोलादाला कणखरपणा कार्बनमुळे येतो, याला तो वेगळ्याच वाटेने येतो. सुरुवातीला हे पोलाद तुलनेने मऊ असल्यामुळे ते वळवता, कापता आणि वेल्ड करता येते. सगळे घडवून झाले की ते भट्टीत साधारण ४८० अंश सेल्सियसला काही तास ठेवतात, तेव्हा धातूच्या आत अतिसूक्ष्म कण जमून त्याची ताकद कितीतरी वाढते आणि विशेष म्हणजे आकार फारसा बदलत नाही. हैदराबादच्या मिश्र धातु निगमने, म्हणजे मिधानीने, हे पोलाद देशात तयार केले आणि राउरकेल्याच्या पोलाद कारखान्याने त्याच्या प्लेटा लाटून दिल्या. वालचंदनगरच्या तंत्रज्ञाच्या हाती येते ती अशी प्लेट, जिच्यावर वितळीचा क्रमांक, म्हणजे ‘हीट नंबर’, कोरलेला असतो, आणि तिच्यातून कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर तो क्रमांक पुढे नेणे हे त्याचे पहिले काम असते. महागडी प्लेट चुकीच्या जागी कापली गेली तर तिची भरपाई बाजारात मिळत नाही.

प्लेट रोलिंग मशिनीतून, तीन-चार जाडजूड रुळांमधून, पुन्हा पुन्हा फिरवून गोल करतात आणि तिच्या दोन्ही कडा जिथे भेटतात तिथे उभा सांधा मारतात. मग अशी कडी एकमेकींना आणि टोकांच्या घडीव रिंगांना गोल सांध्यांनी जोडतात. या दोन सांध्यांत फरक आहे आणि कामगार तो पुस्तकाविना जाणतो. नळकांड्यात दाब भरला की भिंतीला परिघाच्या दिशेने पडणारा ताण लांबीच्या दिशेने पडणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो, त्यामुळे उभ्या सांध्यावर गोल सांध्याच्या दुप्पट ओढ येते; उकळताना सॉसेज किंवा उन्हात तापलेली सायकलची ट्यूब नेहमी लांबीनेच फाटते त्याचे कारण हेच. म्हणून शेजारच्या दोन कड्यांचे उभे सांधे एका रेषेत येऊ देत नाहीत, आणि उभा सांधा मारण्याची जबाबदारी ज्याच्यावर सोपवतात त्याची निवड पाहून केलेली असते.

सांध्यासाठी जी पद्धत वापरतात तिला पुस्तकात टिग आणि कर्मशाळेत बहुधा ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात. न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकापासून धातूपर्यंत विजेची ठिणगी अखंड धरून ठेवायची, तिच्या भोवती आर्गॉन वायूचे आवरण सोडायचे, म्हणजे तापलेल्या धातूला हवा लागत नाही, आणि वेगळी तार त्या वितळलेल्या थेंबात भरत जायची, असे तिचे स्वरूप आहे. लांब सांध्यांवर टॉर्च यंत्राने सरकते आणि नळकांडे रोलरवर सावकाश फिरते, तरीही काचेआडून त्या थेंबाकडे बघणारा माणूस लागतोच, कारण थेंबाची रुंदी, त्याची चमक आणि कडेला धातू कसा ओला होतो यावरून तो आत काय चालले आहे ते ओळखतो. मॅरेजिंग पोलादाला उष्णता जास्त दिली तर सांध्याच्या शेजारची पट्टी कमजोर होते, म्हणून एक थर मारल्यावर तो पुरेसा निवेपर्यंत दुसरा मारायचा नाही, असा दंडक असतो. कडेला तेलाचा डाग, घामट बोटाचा ठसा किंवा हवेतला ओलावा राहिला तर सांध्यात सूक्ष्म छिद्रे पडतात. म्हणून वेल्डर काम सुरू करण्यापूर्वी पांढऱ्या फडक्याने कडा पुसतो, फडके पाहतो, आणि ते पांढरे राहीपर्यंत पुन्हा पुन्हा पुसतो. पहिला थर, ज्याला ‘रूट’ म्हणतात, तो सर्वांत नाजूक, कारण त्याची मागची बाजू दिसत नाही आणि तिथे अर्धवट वितळलेली जागा राहिली तर ती पुढच्या सगळ्या थरांखाली गाडली जाते. हाताने मारायच्या दुरुस्तीच्या टाक्यात तर माणसाचा श्वासही मोजका असतो.

सांधा डोळ्याला कितीही देखणा दिसला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आधी त्यावर रंगीत द्रव लावून वरच्या भेगा शोधतात, मग क्ष-किरणांची फिल्म काढतात, मग ध्वनिलहरी आत सोडून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून खोलवरचे दोष पाहतात. फिल्मवर मोहरीएवढा काळा ठिपका दिसला तर तेवढी जागा कोरून पुन्हा भरावी लागते, आणि अशी दुरुस्ती एकाच जागी किती वेळा करावी यालाही मर्यादा असते. या सगळ्याची नोंद प्रत्येक सेगमेंटसोबत फिरणाऱ्या कागदांत होते: कोणती प्लेट, कोणत्या तारेचा कोणता गठ्ठा, किती विद्युतप्रवाह, कोणती तारीख, कोणती पाळी, आणि वेल्डर कोण. वेल्डरची नोंद बहुधा नावाने न होता त्याला दिलेल्या क्रमांकाने होते. दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात माणसाच्या एकेका हातभर कामाची इतकी बारकाईने नोंद क्वचितच राहत असेल, आणि तीच नोंद बाहेरच्या जगाला सर्वांत अनोळखी आहे.

वेल्डरइतकाच मान टर्नर आणि मशीनिस्टकडे जातो. सेगमेंटच्या टोकाच्या रिंगांवर एका बाजूला जीभ आणि दुसऱ्या बाजूला तिला सामावणारी खाच कोरतात, त्यांत ‘ओ-रिंग’ नावाची रबरी कडी बसवतात आणि परिघावरून आडव्या खिळींनी दोन्ही सेगमेंट बांधतात. तीन मीटरहून मोठ्या व्यासाची रिंग उभ्या टर्निंग लेथवर चढवून तिच्यावर मिलिमीटरच्या अंशांत मोजावी अशी खाच काढायची, तर सकाळच्या थंडीत घेतलेले माप आणि दुपारच्या उन्हात घेतलेले माप यांतला फरकही ध्यानात ठेवावा लागतो, कारण धातू तापून फुगतो. हा सांधा किती निर्णायक असतो ते २८ जानेवारी १९८६ रोजी जगाने पाहिले. अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानाच्या उजव्या बूस्टरच्या सेगमेंट-सांध्यातील ओ-रिंग थंडीने कडक झाली, तप्त वायू तिच्या बाजूने निसटला, उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान उद्ध्वस्त झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. बूस्टर तयार करणाऱ्या मॉर्टन थिओकॉलमधील रॉजर बॉयजोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी आदल्या रात्री उड्डाण करू नये असा आग्रह धरला होता आणि तो मानला गेला नव्हता. सांध्याजवळ काम करणाऱ्या माणसाचे म्हणणे वरपर्यंत पोहोचले पाहिजे, हा धडा तेव्हापासून घन इंधनावर काम करणाऱ्या सगळ्याच देशांनी उराशी बाळगला आहे.

भट्टीतून बाहेर आलेल्या, खाचा कोरलेल्या सेगमेंटची शेवटची परीक्षा पाण्याने घेतात. दोन्ही टोके बंद करून आत पाणी भरतात आणि उड्डाणात अपेक्षित असलेल्या दाबापेक्षा थोड्या जास्त दाबापर्यंत टप्प्याटप्प्याने चढवतात. हवेऐवजी पाणी वापरण्याचे कारण असे की, हवा दाबली की आकसून पुष्कळ ऊर्जा साठवते आणि भांडे फुटल्यास बॉम्बसारखी उसळते, पाणी मात्र जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे भिंत फाटलीच तरी दाब तत्काळ उतरतो. परीक्षा चालू असताना भिंतीवर जागोजागी चिकटवलेले संवेदक धातूच्या आतला आवाज टिपत असतात. वाळलेली फांदी मोडण्याआधी करकरते तशी वाढू लागलेली भेगही माणसाच्या कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडते, आणि कुठल्या संवेदकाला तो आधी पोहोचला यावरून भेगेची जागा कळते. या परीक्षेच्या दिवशी ज्यांनी ज्यांनी त्या सेगमेंटला हात लावलेला असतो त्यांचे महिन्यांचे काम काही तासांत मोजले जाते.

परीक्षेत उतरलेले सेगमेंट लांबलचक ट्रेलरवरून सुमारे हजार किलोमीटर अंतरावरील श्रीहरिकोट्याला रस्त्याने जातात, तिथे त्यांत इंधन ओतून घट्ट करतात आणि मग ते एकमेकांवर रचतात. चांद्रयान-३ च्या १४ जुलै २०२३ च्या उड्डाणातील एस-२०० बूस्टरचे ३.२ मीटर व्यासाचे काही सेगमेंट वालचंदनगरला घडले आणि दाबपरीक्षेतून गेले होते. त्याच यानासाठी लार्सन अँड टुब्रोने आणि विक्रोळीच्या गोदरेजने आपापले भाग दिले होते. बूस्टर दोन मिनिटांहून थोडा अधिक काळ जळतो, नंतर विलग होऊन बंगालच्या उपसागरात पडतो. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे आयुष्य तर दोन मिनिटांच्याही आत संपते. ज्या कामाला महिने लागले त्याचा उपयोग एवढाच काळ होतो, आणि त्यानंतर ती वस्तू कुणाला दाखवता येत नाही. सुतार आपला दरवाजा, गवंडी आपली भिंत नातवाला दाखवू शकतो. केसिंगच्या कारागिराचे काम समुद्रतळाशी असते.

यशाचे श्रेय जसे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही तशी अपयशातली त्याची निर्दोष कामगिरीही कुणाच्या लक्षात राहत नाही. २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण अपयशी ठरले, परंतु त्याचा पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे चालला होता आणि बिघाड पुढच्या टप्प्यांच्या विलगीकरणाच्या वेळी झाला होता. १५ ऑक्टोबर १९९४ ला दुसरे उड्डाण यशस्वी झाले, आणि पुढे हाच प्रक्षेपक २२ ऑक्टोबर २००८ ला चांद्रयान-१ आणि ५ नोव्हेंबर २०१३ ला मंगळयान घेऊन गेला. याच प्रक्षेपकाच्या १८ मे २०२५ च्या उड्डाणात तिसऱ्या टप्प्याच्या मोटरीतील दाब घसरला आणि उपग्रह हातचा गेला, तेव्हा मोटरीतल्या दाबाचा विषय पुन्हा चर्चेत आला.

असा तंत्रज्ञ घरात कसा असतो, हा प्रश्न कामाच्या वर्णनातून सुटत नाही, आणि त्याला वगळून त्याचे स्मरणही पुरे होत नाही. पाळ्यांमध्ये विभागलेल्या कारखान्यात घराचे घड्याळ भोंग्यावर चालते. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपतो तेव्हा घरातली मुले दबक्या आवाजात खेळतात, कुकरची शिट्टी उशिरा होते, दारावर आलेल्याला ओट्यावरच थोपवले जाते. हे सांभाळणारी घरातली बाई कारखान्याच्या कुठल्याच नोंदवहीत नसते, परंतु शांत, न थरथरणारा हात हा झोप झालेल्या माणसाचाच असतो, आणि त्या हाताचा अर्धा वाटा तिचा आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. शिकाऊ असताना कधीतरी काच डोळ्यावर घेण्याआधी ठिणगी पडते, ‘आर्क लागते’, मध्यरात्री डोळ्यांत वाळू खुपल्यासारखे होते आणि बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून कोणीतरी उशाशी बसून राहते. गावी तीन-चार एकर कोरडवाहू असते, पेरणीला आणि सुगीला रजा टाकून जावे लागते, भावाच्या वाट्याचे कर्ज, बहिणीचे लग्न, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन हे सगळे त्याच पगारातून आणि दिवाळीच्या बोनसातून भागते. पोरांच्या अभ्यासाबद्दल मात्र या घरांत तडजोड नसते. आयटीआय झालेल्या बापाची मुलगी अभियांत्रिकीला जाते, ही गेल्या चाळीस वर्षांतली ग्रामीण महाराष्ट्राची एक मोठी घडामोड आहे, जिचे श्रेय महाविद्यालयांना जेवढे दिले जाते तेवढे ओव्हरटाइम करणाऱ्या बापांना दिले जात नाही.

असा माणूस निवृत्त होतो, गावी परततो, आणि एक दिवस वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीत चार ओळींची निधनवार्ता येते. तिचा साचा ठरलेला आहे: अल्पशा आजाराने निधन, अंत्यसंस्काराची वेळ, आणि त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार. कुटुंबवत्सल माणसाची नोंद या साच्यात चांगली होते, एकेक नाते मोजून होते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. पण त्याच्या हातांनी काय केले ते ‘निवृत्त कर्मचारी’ या दोन शब्दांत संपते. दिवंगत शिक्षकाच्या बातमीत शाळेचे नाव असते, सैनिकाच्या बातमीत पलटणीचे आणि युद्धाचे. तंत्रज्ञाच्या बातमीत त्याचा ट्रेड, त्याचे यंत्र आणि त्याने बारा-पंधरा वर्षे मारलेले सांधे कोणत्या प्रक्षेपकांत गेले हे यायला काहीच हरकत नाही. घरच्यांना ते बहुधा सांगता येते, विचारणारा भेटत नाही.

यंत्रांचे स्मरण करण्याची सवय अहिल्यानगर जिल्ह्याला आहे. १९४८ पासून चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगरला आहे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा वाहननगरला आहे, आणि १९९४ मध्ये उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात दोन्ही महायुद्धांतील आणि भारत-पाक युद्धांतील रणगाडे मांडलेले आहेत, जे पाहायला शाळांच्या सहली येतात. केसिंग अशा रीतीने मांडता येणार नाही, कारण उडालेले केसिंग परत येत नाही. तरीही त्याच्या कारागिराच्या हाताचा एक पुरावा जमिनीवर राहतो. सांधा मारताना त्याच प्लेटीच्या, त्याच तारेच्या आणि त्याच हाताच्या जोडीने एक लहान चाचणी-पट्टी वेल्ड केली जाते, जिला कामगार ‘कूपन’ म्हणतात. ती केसिंगबरोबर भट्टीत जाते आणि नंतर यंत्रात दोन्ही टोकांना धरून तुटेपर्यंत ओढली जाते. सांधा उत्तम असेल तर ती सांध्यापाशी सहजी तुटत नाही, आणि तुटते तेव्हा किती ताणाला तुटली तो आकडा वहीत चढतो. तळहाताएवढे हे दोन तुकडे, त्यांवर कोरलेला वितळीचा आणि वेल्डरचा क्रमांक, आणि त्या क्रमांकापुढे माणसाचे संपूर्ण नाव, गाव, तालुका, ट्रेड व नोकरीची वर्षे, एवढे एखाद्या काचेच्या कपाटात ठेवायला फारसा खर्च येणार नाही. साराभाईंच्या पिढीची कागदपत्रे जपली गेली आहेत. एसएलव्ही-३ च्या कवचावर काम केलेली तंत्रज्ञांची पहिली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे, आणि कोणत्या क्रमांकामागे कोण होते हे खात्रीने सांगू शकणारी माणसे तीच आहेत.